उजव्या मनगटावरचं घड्याळ

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध घाटाच्या अलीकडे, डोंगराच्या सोंडेवर धनगरांची मोजकी घरं आहेत. त्यातलं अगदी कडेचं घर गेनू ढेब्यांचं. साठी ओलांडलेला सडपातळ माणूस. चार म्हशी, थोडी शेरडं, खाली खाचरात भात आणि उतारावर नाचणी. मी भोरचा. त्यांच्याकडचं तूप आमच्या घरी कित्येक वर्षं येतं, म्हणून पंचक्रोशीतले लोक म्हणतात तसा मीही त्यांना मामा म्हणतो. पण घाटातल्या भजीवाल्यांना आणि पोलिसांना मामांची ओळख तुपामुळे नाही. घाटात एखादी गाडी दरीत गेली की मामांना निरोप जातो.

हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नाही. म्हशींच्या मागं हिंडून दरीतल्या वाटा पायाखालच्या झालेल्या, एवढंच. ते पहिल्यांदा उतरले तेव्हा ऐन उमेदीत होते. मार्गासनीच्या एका ड्रायव्हरचा टेम्पो कठडा तोडून खाली गेला होता. मामा पोचले तेव्हा ड्रायव्हर गार पडला होता आणि त्याच्या मनगटावर चावीचं घड्याळ टिकटिकत होतं. पट्टा निम्मा तुटला होता. चढताना कारवीच्या झुडपांत कुठं पडू नये म्हणून मामांनी ते काढून आपल्या हाताला बांधलं आणि वर आल्यावर हवालदाराच्या हातात दिलं.

काही महिन्यांनी त्या ड्रायव्हरचे वडील वाडीवर आले. धनाजी त्यांचं नाव. त्यांनी रुमालात गुंडाळलेलं ते घड्याळ मामांच्या पुढं ठेवलं.

"पोराच्या हातनं तुमच्या हातात आलं तवर चालू व्हतं," धनाजी म्हणाले. "आमच्या घरात आल्यापास्नं बंद हाय."

मामांनी घड्याळ हातात घेतलं आणि चावी फिरवली. ते लगेच चालू झालं. "बिघाड न्हाई बाबा ह्यात," ते म्हणाले. "चावी दिली की चालंल."

"ते ठावं हाय. पर चावी द्याया आमच्या घरात कुनाचा हात उचलत न्हाई. तुमी वापरा."

तेव्हापासून ते घड्याळ मामांच्या डाव्या हातात आहे. सकाळी धार काढून झाली की पडवीत बसून ते त्याला चावी देतात. साळूबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे कधीच आवडलं नाही. मेलेल्या माणसाची वेळ आपल्या घरात कशाला, असं त्या म्हणायच्या. मामा म्हणायचे, "येळ कुनाची नसती. चावी देईल त्येची ती."

दरीतल्या कामाची एक रीत मात्र त्या दिवशी पडली ती पडली. मेलेल्याच्या हातातलं घड्याळ निसटायला आलेलं असलं की मामा ते आपल्या उजव्या मनगटाला बांधायचे आणि वर आल्यावर सोडून द्यायचे. दोन्ही हात दोराला मोकळे राहायचे आणि वस्तू हरवायची नाही. अशी कितीतरी घड्याळं त्यांच्या हातावरून गेली. पूर्वी चावीची असायची, मग सेलची आली. ती सगळी वर येईपर्यंत गुमान वेळ दाखवायची.

मामांची मुलगी रत्ना भोरला दिलेली आहे. ती तिथं मोबाईलच्या दुकानात काम करते. तिनं बापासाठी एक स्मार्टवॉच घेऊन ठेवलं होतं आणि दर खेपेला ती तेच काढायची.

"आबा, तुमी कड्यानं उतरता. पडलात तर ह्यातनं मला कळतं. काळीज कसं चाललंय तेबी कळतं."

"माजं काळीज मला कळतंय की."

"आन म्या भोरात बसून काय करायचं?"

"तू कामं कर तुजी."

"ते घड्याळ नुसती येळ सांगतंय आबा. तीबी रोज मागं पडती."

"मला येळच लागती," मामा म्हणायचे. "आन हितं लाईट चार चार दिस येत न्हाई. त्याला चारजिंग कुठनं करू? ह्येला माजी दोन बोटं पुरत्यात." मग रत्ना रुसायची आणि साळूबाई मधे पडून चहा ठेवायच्या. ते स्मार्टवॉच डब्यातल्या डब्यात कपाटात राहिलं.

मागच्या वर्षी पाऊस सरता सरता, भात पोटऱ्यात असताना, दुपारी घाटातला भजीवाला धावत वाडीवर आला. घाटातल्या देवळाच्या पुढच्या वळणावर कठड्याजवळ मोटारसायकल घसरल्याच्या खुणा दिसत होत्या आणि खालची करवंदीची जाळी मोडली होती. सकाळी तिथं दाट धुकं होतं. कुणाला काही दिसलं नव्हतं, कुणी काही ऐकलं नव्हतं.

मामा दोर कमरेला बांधून उतरले. मुलगा त्यांना एका कातळाच्या पायथ्याशी सापडला. पंचविशीचा असेल. हात लावताच त्यांना कळलं की हा सकाळीच गेलाय. अंग गार होतं, बोटं ताठली होती. मामांनी त्याचे डोळे मिटले, टोपी काढून क्षणभर उभे राहिले. मग वरून सोडलेल्या घोंगडीत त्याला नीट गुंडाळून बांधलं. त्याच्या मनगटावर काळ्या काचेचं स्मार्टवॉच होतं. त्याच्या पट्ट्याची कडी सुटली होती. मामांनी सवयीनं ते काढलं आणि आपल्या उजव्या हाताला बांधलं. घड्याळाच्या पोटाशी हिरवा उजेड लुकलुकत होता. कातडीला टेकला तसा तो दिसेनासा झाला.

वरून चौघं दोर ओढत होते आणि मामा खालून खांद्यानं रेटत चढत होते. पाऊस झाल्यानं निसरडं होतं. श्वास फुलला होता, घाम डोळ्यांत उतरत होता. मामा सांगतात, निम्म्याच्या वर एक टप्पा आहे, तिथं घाटमाथ्यावरची रेंज लागते. तिथं पोचले आणि त्यांचं उजवं मनगट थरथरायला लागलं.

त्यांना आधी वाटलं, हाताला गोळा आला. मग पाहिलं तर काच उजळली होती आणि तिच्यावर अक्षरं होती. मामांची शाळा दुसरीपर्यंत. पण ही दोन अक्षरं कुणालाही वाचता येतात. आई, असं लिहिलं होतं.

मुलाचा मोबाईल घोंगडीत, त्याच्याच खिशात होता. तो फुटला नव्हता. घड्याळ थरथरलं, थांबलं, पुन्हा थरथरलं. मामांना दोर सोडता येत नव्हता. वरच्यांना काही माहीत नव्हतं, ते ओढतच होते. तिसऱ्यांदा मनगट हललं तेव्हा मामांनी पाय कातळाला टेकवून उजवा हात जवळ घेतला. बोट चुकून लागलं की त्यांनीच लावलं, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

घड्याळातून बाईचा आवाज आला. "श्रेयस, अरे पोचलास का? किती फोन करायचे?"

मामा नुसते धापा टाकत होते.

"एवढ्या धापा कसल्या टाकतोयस? चढावर आहेस का? हॅलो. श्रेयस?"

वरून दोराला हिसका बसला, मामा पुढे झाले आणि आवाज तुटला. काच पुन्हा काळी झाली. रस्त्यावर आल्यावर मामांनी घड्याळ सोडून हवालदाराला दिलं, पंचनाम्याला अंगठा दिला आणि घरी आले. त्या फोनबद्दल ते कुणालाच बोलले नाहीत. साळूबाईंनाही नाही.

पण ते मनगट त्यांना सोडीना. धार काढताना चरवीवरचा हात अचानक थांबायचा. भात कापताना विळा टाकून ते उजवा हात पाहत राहायचे. तिथं काही नसायचं. कातडीखाली काहीतरी हललं, एवढं मात्र त्यांना लख्ख जाणवायचं. साळूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या, देवीला नारळ फोडला. रत्नानं भोरला आणून डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. मामांनी मान डोलावली. परतताना एसटीत ते सगळी वाट डाव्या हातानं उजवं मनगट धरून बसले होते, असं रत्ना मला नंतर म्हणाली.

माघात एक दिवस हिर्डोशीला एसटीतून एक बाई उतरल्या आणि विचारत विचारत एकट्याच वाडीवर चढून आल्या. शहरी चपला, खांद्याला पर्स, चेहरा उन्हानं लाल. साळूबाईंनी त्यांना पडवीत बसवलं, पाणी दिलं.

"मी शुभा," त्या म्हणाल्या. "भोरहून आले. श्रेयसची आई."

शेणाच्या पाट्या टाकून मामा येत होते. ते अंगणातच थांबले. आवाज त्यांनी ओळखला होता.

शुभाताई भोरात एका शाळेच्या ऑफिसात काम करतात. श्रेयस त्यांचा एकुलता एक. पुण्याला नोकरीला होता, सुट्टीवर घरी आला होता आणि महाडला मित्राकडे निघाला होता. त्यांनी हे सगळं सावकाश, नीट सांगितलं. रडल्या नाहीत. मग पर्समधून मुलाचा मोबाईल काढला.

"हा पोलिसांनी आम्हाला परत दिला. ह्याच्यात त्याच्या घड्याळाची सगळी नोंद येते. दिवसभर काळीज कसं चाललं, त्याची रेघ." त्यांनी मोबाईल मामांसमोर धरला. "ही बघा त्या दिवशीची. सकाळी इथपर्यंत आहे. मग तुटते. मग कितीतरी वेळ कोरं आहे. आणि मग दुपारी पुन्हा सुरू होते. जोरात. तुम्ही त्याला वर आणत होतात तेव्हा."

काचेवर तांबडी रेघ होती. आधी ओढ्याच्या पाण्यासारखी सपाट, मग कोरी जागा आणि त्यापुढे कड्यासारखी उभी चढत गेलेली.

"डॉक्टर म्हणतात तो पडताक्षणीच गेला. श्रेयसच्या बाबांचं म्हणणं, आता उकरून काढू नकोस. पण मी त्याला फोन केला होता, मामा. त्यानं उचलला. मी त्याचा श्वास ऐकलाय." शुभाताई थांबल्या. पुढचं त्यांनी खूप वेळा मनात म्हटलेलं असावं, कारण ते त्यांनी अगदी हळू विचारलं. "तुम्ही त्याला घोंगडीत बांधलंत, तेव्हा तोंड झाकलं होतं का?"

साळूबाई आत चुलीपाशी होत्या. त्यांच्या हातातली पळी वाजायची थांबली.

मामा मला नंतर म्हणाले, तेव्हा त्यांना दोन्ही बाजू दिसल्या. मेलेल्या पोराचे चार घटका जास्तीचे श्वास ह्या बाईनं जपून ठेवले होते. खरं सांगितलं तर तेही जाणार होते. नाही सांगितलं तर आपलं पोर जिवंतपणी घोंगडीत गुदमरलं, असं धरून ही बाई उरलेला जन्म काढणार होती. ते खाली बसले.

"ताई," ते म्हणाले, "तुमचा ल्योक सकाळीच गेला व्हता. म्या हात लावला तवा त्यो गार व्हता. तोंड झाकलं, ते डोळे मिटवून मंगच झाकलं."

"मग ही रेघ?"

"पट्टा सुटला व्हता. घड्याळ पडू ने म्हून म्या माज्या हातात बांधलं." त्यांनी उजवा हात पुढे केला. "ते माजं काळीज हाय, ताई. आन फोनवर म्याच व्हतो."

शुभाताई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली. "तुम्ही माझ्या समाधानासाठी सांगताय."

"न्हाई."

"मी आई आहे त्याची. श्वास कुणाचा ते मला कळणार नाही का?"

शुभाताईंनी पर्स उघडली आणि ते काळ्या काचेचं घड्याळ बाहेर काढलं. पट्ट्याची कडी दुरुस्त केलेली होती. "बांधा," त्या म्हणाल्या, "आणि चढून दाखवा."

साळूबाई दारात आल्या. "अवं, नका," त्या म्हणाल्या. "ताई, त्यांचं वय झालंय."

पण मामांनी हात पुढं केला होता. शुभाताईंनी स्वतः ते घड्याळ त्यांच्या उजव्या मनगटाला बांधलं. घरामागून एक उभी पायवाट डोंगराला जाते, जळणाच्या मोळ्या आणायची. मामा त्या वाटेनं चढायला लागले. रोज ते ती वाट दमानं, मधे थांबत चढतात. त्या दिवशी ते थांबले नाहीत. दगडांना हात घालत, जवळजवळ पळत वर गेले, शेंड्यावरच्या आंब्याला हात लावला आणि तसेच उतरत आले. खाली दोघी बायका शेजारी शेजारी उभ्या होत्या. शुभाताईंच्या हातात मोबाईल होता, पण साळूबाई सांगतात, त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मामा येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. छाती भात्यासारखी चालली होती. बोलायचं होतं, पण बोलवत नव्हतं. शुभाताईंनी डोळे मिटले. त्या ऐकत होत्या. मामांच्या श्वासाला शेवटी एक बारीक शीळ येते. तरुणपणी कोळशाच्या भट्टीवर काम केल्याची ती खूण आहे. ती शीळ आली आणि शुभाताईंचा चेहरा उतरत गेला.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच होता."

त्या अंगणातच मातीत बसल्या. आता रडल्या. साळूबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. मामा उभेच होते. श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून तो दाबत होते आणि तो दाबला जात नव्हता.

बऱ्याच वेळानं शुभाताईंनी विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलू, ताई? तुमी पोचलास का म्हून इचारलं."

शुभाताईंनी डोळे पुसले. मामांच्या हातचं घड्याळ त्यांनी सोडून घेतलं. काच घामानं ओली झाली होती, ती पदराला पुसावी की नाही याचा क्षणभर विचार केला आणि तशीच पर्समध्ये ठेवली. साळूबाईंनी दूधभाकरी खाल्ल्याशिवाय त्यांना सोडलं नाही. दुपारच्या एसटीला मामा त्यांना हिर्डोशीपर्यंत पोचवायला गेले. एका उतारावर शुभाताईंचा पाय सटकला तेव्हा मामांनी हात दिला, तो त्यांनी धरला आणि सपाटी लागेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर मामांचं मनगट थरथरायचं थांबेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. कमी झालं, एवढंच. आताशा ते वर चढून आले की छातीवर हात ठेवून उभे राहतात, जणू आपलं काळीज आणखी कुणी ऐकतंय.

दरीत उतरणं त्यांनी सोडलेलं नाही. उन्हाळ्यात एक कार गेली तेव्हाही तेच उतरले. पण आता मेलेल्याचं घड्याळ ते हाताला बांधत नाहीत. टोपी काढून त्यात गुंडाळतात आणि अंगातल्या कोपरीच्या, म्हणजे बंडीच्या, आत ठेवतात. आणि साळूबाईंनी एक गोष्ट हट्टानं करून घेतली. कपाटातला रत्नाचा डबा त्यांनी स्वतः उघडला. "दरीत जाताना ह्ये बांधायचं," त्या म्हणाल्या. "त्या बाईंनी चार महिने काय सोसलं ते म्या बघितलंय. माज्या वाट्याला तसं नको." मामांनी वाद घातला नाही. घाटात उतरायचं असलं की ते स्मार्टवॉच बांधतात आणि परत आले की पहिल्यांदा ते काढून कोनाड्यात ठेवतात. घरात ते त्यांना अंगावर सोसत नाही.

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी मामा तूप घेऊन भोरला आले होते. माझ्याकडून निघून स्टँडकडे जाताना त्यांना शुभाताई भेटल्या. भाजीची पिशवी हातात होती. त्यांनी साळूबाईंची चौकशी केली, म्हशींची केली. मग विचारलं, "दम कसा आहे आता?"

"बरा हाय."

"डोंगर बेतानं चढत जा." त्या जरा घुटमळल्या. "मामा, ती रेघ मी पुसलेली नाही. ठाऊक आहे मला, ती त्याची नाही. तरी पुसवत नाही. चालेल ना तुम्हाला?"

मामांनी मान डोलावली. एसटीत बसल्यावर त्यांना वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं होतं.

संध्याकाळी गोठ्यात साळूबाई धार काढत होत्या. मामा वासरू धरून उभे होते. त्यांनी तिथंच सांगितलं की शुभाताई भेटल्या होत्या आणि आपलं काळीज अजून त्यांच्या मोबाईलमध्ये त्या पोराच्या नावावर चालू आहे.

साळूबाईंचा हात थांबला. "मंग पुसा म्हून न्हाई सांगितलं तुमी?"

"न्हाई."

"का?"

वासरू आचळाकडं ओढत होतं. मामांनी त्याला सोडलं आणि ते दुधाला लागलं.